धोंडिबाकाकांचा आवाज

कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत बारीक तारा बसवतात. त्या ऑपरेशनआधी वर्तकनगरच्या दर्शना साळवे त्यांची स्मरणशक्ती आणि मन तपासतात. टिटवाळ्याच्या धोंडिबाकाकांच्या चाचण्या चांगल्या झाल्या, तेव्हा दर्शनांनी विचारलं, "काका, ऑपरेशननंतर काय करायचंय?"

"विहारात पूर्वीसारखी खणखणीत वंदना म्हणायचीय."

दर्शनांनी सांगितलं, "हाताची थरथर कमी होईल, काका. पण आवाज सुधारेलच असं नाही. कदाचित आणखी बसेल."

काकांचे डोळे भरले. महिनाभर विचार करून त्यांनी होकार दिला.

ऑपरेशननंतर आवाज बसलाच. पुढच्या तपासणीला मात्र त्यांनी घरून आणलेला चहा एक थेंबही न सांडता दर्शनांना ओतून दिला. "पोरी, तू आधीच सांगितलंस, म्हणून खचलो नाही," ते हळूच म्हणाले.