कुसुमताई ज्या लग्नात गप्प राहिल्या

"मॅडम, मुलं किती?" दिल्लीच्या ऑफिसात प्रशिक्षणाच्या दिवशी, सरावाची मुलाखत म्हणून कुसुमताई आत्रामांनी मला विचारलं.

"एक," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं नाही. पेन खाली ठेवून नुसत्या बघत राहिल्या. आणि भरल्या वर्गात, सासरीही कुणाला न सांगितलेलं माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन राहिली नाहीत."

"बाई आधी जिवंत मोजते," त्या वर्गाला म्हणाल्या. "बाकीची मागून येतात."

कुसुमताई यवतमाळकडच्या कोलाम आदिवासी, गावी आरोग्यसेविका. त्यांच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, मूल का राहत नाही, राहिलं तर का जगत नाही, याच्या पाहणीची तयारी करायला त्यांना वर्षभर इथं बोलावलं होतं. ऑफिसातल्या साहेबांना एकच कारण हवं असे. "अरे यार, एक लिखो ना." ताई म्हणत, "साहेब, पंधराव्या वर्षी लग्न, पोटात अन्न नाही, रक्तात सिकल. तिघं एकाच खाटेवर झोपतात. कुणाला उठवू?"

सिकल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. दोघांच्याही रक्तात त्याचा अंश असला, तर दर बाळंतपणाला चारात एक धोका. "लग्नाआधी दोघांचं रक्त तपासा," हे त्या भेटेल त्याला सांगत.

त्यांची भाची संगीता दिल्लीतच, द्वारका भागाच्या कडेला एका खोलीत राहायची. लग्न मामाच्या मुलाशी झालेलं. तो विमानतळावर सामान चढवायचा. एकदा तिच्याकडून परतताना मेट्रोत ताई हळूच म्हणाल्या, "लग्नाआधी दोघांचे तपासणीचे कागद माझ्या हाताखालून गेले होते, मॅडम. दोघांतही आहे. भाऊ, संगीताचा बाप, पाया पडला, म्हणाला, पोरीवर शिक्का बसेल. मी गप्प बसले."

वर्ष संपलं, ताई गावी गेल्या. संगीताला मुलगी झाली. जानेवारीत तिनं मला सात महिन्यांच्या बाळाचा फोटो पाठवला. दोन्ही तळहात टम्म सुजलेले. तान्ह्या बाळात सिकलची पहिली खूण हीच, असं ताईंनी वर्गात शिकवलं होतं. "थंडीनं असेल ना, मावशी?" डॉक्टरकडे ने, एवढंच मी लिहिलं, आणि ताईंना फोन केला.

"मी येते," त्या म्हणाल्या. "मीच सांगेन."

दुसऱ्या दिवशी त्या जनरलच्या डब्यातून उभ्यानं आल्या. मी सोबत गेले. दारातच उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं.

"आत्या, तुला लग्नाआधी माहीत होतं?"

"होतं."

संगीतानं बाळाचे सुजलेले हात पदरात झाकले. मग म्हणाली, "पुन्हा इथं येऊ नकोस. पण जायच्या आधी, हिला कुठं न्यायचं ते लिहून दे."

ताईंनी दवाखान्याचं नाव, वॉर्ड, सगळं नीट लिहिलं. संगीता कागद घ्यायला भिंतीला धरून उठली. दार लागलं.

जिना उतरून आम्ही गल्लीत आलो, तशा ताई थबकल्या.

"ती पुन्हा पोटुशी आहे, मॅडम. बोलली नाही. पण उठताना मला दिसलं. पोटातल्या बाळाचीही तपासणी वेळेत होते, हे तिला सांगायला हवं."

मी काही म्हणायच्या आत त्या माघारी वळून जिना चढू लागल्या. मी खालीच थांबले. वर दार ठोठावल्याचा आवाज येत राहिला. दार उघडल्याचा आला नाही.