टाळ्यांविना सात फेऱ्या

मार्सेयमध्ये हेरिझूची बासरी ऐकायला लोक तिकीट काढून येत आणि खोकला आला तरी दाबून धरत. सव्वीस वर्षं त्याचं पोट याच बासरीवर चाललं होतं. शनिवारी कार्यक्रम, एरवी फ्रेंच पोरांच्या शिकवण्या, मधूनच एखादा जर्मनी-जपानचा दौरा. पण गावच्या रिवाजाप्रमाणे मृत वडिलांना थडग्यातून बाहेर काढून, नवं रेशमी वस्त्र गुंडाळून खांद्यावर नाचवायचं ठरलं, तसा तो तडक मायदेशी, अंत्सिराबेजवळच्या आपल्या गावी आला. ज्यांनी बासरी हातात दिली, त्यांना आपणच वाजवून नाचवायचं, एवढीच त्याची इच्छा होती.

बाकुली आत्याला मात्र खात्री वाटेना. ऐंशी उलटली तरी घरात शब्द तिचाच. तिने तांतेली बासरीवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं.

"बरं, वाजव," ती म्हणाली. "पण अडखळलास तर तांतेली वाजवेल. तुझा बाप तुझ्या तिकडच्या साहेबांसारखा ताटकळत बसणार नाही."

पुरुषांनी वडिलांना खांद्यावर घेतलं आणि थडग्याभोवती सात फेऱ्या सुरू झाल्या. हेरिझूने अशी धून धरली की म्हाताऱ्यांचेही पाय थिरकले. दुसऱ्या फेरीत ती संपली. सवयीने तो थांबला, किंचित वाकला आणि टाळ्यांची वाट पाहू लागला.

मंडळी होती तिथेच थबकली. वडील खांद्यावर अधांतरी.

"अरे, वाकतोस काय? माझा भाऊ लटकलाय तिकडे!" आत्या कडाडली.

एकच हशा पिकला. तांतेलीने बासरी ओठाला लावलीच होती.

"एकदा संधी दे, आत्या," हेरिझू काकुळतीला आला.

"फुंक मग. पुन्हा थांबलास तर याद राख."

आता तो थांबला नाही. एका धुनीतून थेट दुसरीत शिरत राहिला. पाचव्या फेरीला मात्र त्याचा श्वास तुटला. तेवढ्यात तांतेलीने शेजारी येऊन सूर उचलला, हेरिझूला डोळा मारला आणि त्याने दम घेताच सूर परत त्याच्या हवाली केला. असं करत वडील सातही फेऱ्या नाचले. हेरिझू रडत होता आणि हसतही होता. इतकं सुख त्याला कुठल्याच सभागृहात मिळालं नव्हतं.

जेवताना आत्याने त्याच्या भातावर डुकराच्या मांसाचा चरबीदार तुकडा वाढला.

"पुढची वेळ सात वर्षांनी. तेव्हा थडग्याच्या आत मी असेन."

"तू शंभरी गाठशील, आत्या."

"गाठली तर बाहेर नाचेन," आत्या म्हणाली. "पण वाजवायचंस तूच."