शनिवारच्या आधी की नंतर

इथे परदेशात आमच्या युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल टीमचा कोच पुण्याचा. एखादा खेळाडू कितीही वाईट खेळत असो, हा त्याला बाहेर म्हणून काढत नाही. बाकावरच्या बदली खेळाडूंकडे बघतसुद्धा नाही. हात पाठीमागे बांधून बुटाच्या टोकाने कोर्टाची रेघ घासत उभा राहतो. टीमचा मॅनेजर म्हणून मी शेजारी बसून चडफडतो, तर म्हणतो, "थांब रे, सापडेल त्याला सूर." सूर सापडेपर्यंत मॅच हातातून गेलेली असते.

सलग सात मॅच हरल्यावर कमिटीने ठरवलं, शनिवारच्या मॅचआधीच याला काढायचं. "तुमची दोघांची भाषा एकच ना, मेट, तूच सांग," म्हणून प्रेसिडेंट मोकळा झाला.

मंगळवारी माझी जीभ रेटली नाही. गुरुवारी पुन्हा ट्रेनिंगला गेलो. मुलं पाणी प्यायला थांबली होती आणि हा गुडघ्यांवर बसून कोर्टवर सांडलेला घाम टॉवेलने पुसत होता. मी थंडीबद्दल बोललो, पार्किंगबद्दल बोललो. त्याने टॉवेल खांद्यावर टाकला.

"मला काढलंय ना?"

मी वाकून बुटाची नाडी बांधू लागलो.

"माणूस वेळेवर बदलायला हवा रे. मला ते कधी जमलंच नाही." मग माझ्याकडे सरळ बघत त्याने विचारलं, "शनिवारच्या आधी की नंतर?"

मुलं परत येऊन त्याच्या शिट्टीची वाट बघत उभी होती.

"नंतर," मी म्हणालो.