बाहेर बसलेल्या ताईचं ताट

ताईला पाळी आली की अंगावरून फार जायचं. सहा-सहा, सात-सात दिवस. आमचं घर यावलजवळच्या खेड्यातलं, केळीच्या बागा असलेलं. पंच्याऐंशी सालच्या आसपास आमच्याकडे खायला कमी नव्हतं. पण त्या दिवसांत ती मागच्या पडवीत बसायची आणि तिचं ताट मी नेऊन द्यायचे. त्यात भाकरी आणि पातळ वरण, एवढंच. गूळ, तीळ, शेंगदाणे उष्ण, त्यांनी आणखी जातं, असं घरातच राहणारी आत्या सांगायची आणि आई ऐकायची. दूध तर नाहीच, म्हणे गाय आटते. एरवीही आम्ही दोघी पुरुषांची जेवणं झाल्यावर बसायचो. भाजी उरली तर भाजी, नाहीतर ठेचा.

ताई सोळाची, मी बाराची. एकदा तिने हळूच मागितलं, "मले गुळाचा खडा आणून दे ना वं." मी आईला विचारायला गेले. आई नको म्हणाली, तेच मी येऊन सांगितलं. खरं तर गुळाच्या डब्यापर्यंत माझा हात पोचत होता.

त्याच वर्षी ती शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. आईवडिलांनी तिला जळगावला नेलं, मीही सोबत होते. डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली आणि आईला विचारलं, "हिच्या अंगात रक्तच नाही. दर महिन्याला एवढं जातं, ते भरून यायला तुम्ही हिला काय खायला देता?"



रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या. डाळ, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे रोज द्यायला सांगितलं. आईने महिनाभर न चुकता दिलं. ताईच्या चेहऱ्यावर जरा तजेला आला. मग गोळ्यांनी शौचाला काळी होऊ लागली, आत्याने भीती घातली आणि गोळ्या बंद झाल्या. हळूहळू बाकीचंही.

अठराव्या वर्षी तिला साक्रीकडे दिलं. पहिल्याच बाळंतपणात रक्त थांबेना. धुळ्याला नेईपर्यंत ती गेली, मूलही गेलं.

निरोप आल्यावर आम्ही धुळ्याला गेलो; परतताना बसमध्ये आई खिडकीशी बसली होती. पारोळा मागे पडल्यावर तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "मी तिले उपाशी ठेवलं का वं?"

मी नाही म्हटलं. पंधराव्या वर्षी मला दुसरं काही सुचलं नाही. तिने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि आत्यालाही ती कधी एक शब्द बोलली नाही.