शाळेच्या छतावरचा मेट

बॅटरीकाका कुणाला भेटले की 'कसं काय' म्हणत नसत. चष्मा नाकावर खाली ओढून समोरच्याकडे नीट बघत आणि विचारत, "किती उरलं?" कॉलेजचा शिपाई असो, प्राचार्य असोत की सक्करदऱ्याच्या तलावावर सकाळी फिरायला येणारे पेन्शनर, सगळ्यांना प्रश्न हाच. एखादा हसून म्हणे, "फुल चार्ज हाय गा!" त्यावर काकांचा विश्वास बसत नसे. "तोंडानं सगळेच फुल असतात," ते म्हणत. "मीटर लावल्याबिगर समजत नाही." आणि शर्टाच्या खिशावर थाप मारत. त्या खिशात त्यांचं पिवळं मल्टिमीटर असे आणि त्याच्या लाल-काळ्या वायरी बाहेर लोंबत असत.

ते एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये सहायक होते. प्राध्यापकांचे शोधनिबंध छापून येत, त्यातली यंत्रं काकांनी डाग देऊन जोडलेली असत. निबंधावर त्यांचं नाव नसे. याचा मला त्यांच्यापेक्षा जास्त राग होता. माझ्या घरी पत्रकांच्या घड्या घालत मी मोठी झाले. बाबा कामगार संघटनेची पत्रकं लिहीत आणि आम्ही बहिणी जेवणाआधी पाचशे-पाचशेचे गठ्ठे बांधत असू. अन्याय दिसला की त्याला मथळा द्यायचा, एवढंच मला येत होतं. काकांना मी म्हटलं, "तुम्ही भांडत का नाही?" ते म्हणाले, "अवं, नाव छापून बॅटरी चार्ज होते का?"

मी पिपरटोलीच्या संघर्ष समितीची चिटणीस होते, म्हणून त्यांची माझी ओळख झाली. पिपरटोली शहराबाहेर आहे आणि तिच्या पश्चिमेला एका वीजप्रकल्पाचा राखेचा तलाव आहे. तलाव म्हणायचा एवढंच. उन्हाळ्यात त्यातलं पाणी आटतं आणि वारा सुटला की करडी राख गावावर येते, भांड्यांवर, कपाशीवर, झोपलेल्या लेकरांच्या पापण्यांवर. तक्रार केली की प्रकल्पाचा माणूस विचारी, पुरावा काय? एप्रिलच्या अखेरीस अधिकाऱ्यांसमोर सुनावणी ठरली. गावातल्या हवेची महिनाभराची सलग नोंद द्या, असं आम्हाला सांगण्यात आलं. सलग हा शब्द कागदावर अधोरेखित केलेला होता.

काकांनी लॅबमधली जुनी यंत्रं दुरुस्त करून चोवीस डबे तयार केले. प्रत्येक डब्यात हवेतली धूळ मोजणारा सेन्सर, एक छोटा रेडिओ आणि बॅटरी. त्याला ते नोड म्हणत. सोलर पट्ट्या लावून पाहिल्या, पण आठवड्यात त्यांच्यावर राखेचा थर बसला आणि त्या आंधळ्या झाल्या. मग बॅटरीवरच भागवायचं ठरलं. डबे शाळा धरून चोवीस छपरांवर बसवायचे होते. आकडे गावच्या पाण्याच्या टाकीवरच्या रिसीव्हरकडे आणि तिथून लॅबच्या कम्प्युटरवर जाणार होते, पण डब्यांच्या रेडिओंचा आवाज टाकीपर्यंत पोचण्याइतका मोठा नव्हता. तेवढं ओरडावं लागलं असतं तर आठवड्यात सगळेच मेले असते.

यावरचा उपाय काकांनी मला संत्र्याच्या बियांनी समजावला. लॅबच्या टेबलावर ते डबा उघडून जेवले, मग एक संत्रं सोललं, मलाही अर्ध्या फोडी दिल्या आणि बिया टेबलावर पसरून खडूनं तीन वर्तुळं काढली.

"आठ-आठचे तीन गट. जवळजवळच्याचा एक गट. सात जण हळू आवाजात आपल्या गटातल्या एकाले सांगतात. तो एकटा सगळ्याईचं ऐकते, सरासरी काढते अन टाकीपर्यंत ओरडून सांगते. तो मेट."

"मेट म्हणजे?"

"रस्त्याच्या कामावर टोळीचा मेट राहत नाही का, मुकादमासारखा? माहा बाप होता टोळीत. फरक इतकाच का तिथला मेट झाडाखाली बसे अन बाकीचे मरत. इथं उलटं. इथं मेटच मरते."

"मग मेट निवडायचा कसा?"

त्यांनी तीन बोटं वर केली. "एक, कोणात जास्त उरलं. दोन, सगळ्याईले ज्याचं ऐकू येते असा मधातला पाहिजे. तीन, कालचा मेट आज नाही." तिसऱ्या बोटावर त्यांनी दोनदा टिचकी मारली. "पहिल्या दोन गोष्टी पुस्तकात असतात. तिसरी लोक विसरतात. चांगला सापडला का त्यालेच जुंपतात. तो मेला का सारा गट मुका. मोजत तर सगळेच राहतात, पण कोणाले सांगतीन?"

त्यांच्या प्रोग्रॅममध्ये रोज सकाळी सहाला प्रत्येक गटातले नोड आपापली शिल्लक एकमेकांना कळवत आणि त्या दिवसाचा मेट ठरे. कोणाला विचारायला लागत नसे. कुणी मेला तर उरलेले दुसऱ्या सकाळी नवा निवडत. मला ते फार आवडलं. त्यावर पत्रक लिहावं असंही मनात आलं.

पहिले दहा दिवस नोंद अखंड आली. सुशीलामावशींच्या घरावरचा नोड एके दिवशी मेट झाला, तेव्हा काकांनी त्यांना खाली अंगणात उभं राहून सांगितलं, "मावशी, आज तुमचं घर गावाचा मेट हाय." मावशी विधवा, एकट्या राहत, चार शेळ्या सांभाळत. त्या म्हणाल्या, "अव माय! मंग चहा तर करा लागन." दिवसभर त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या.

अकराव्या दिवशी मी ती चूक केली.

मेट इतरांच्या आकड्यांची सरासरी पाठवी, पण स्वतःचे आकडे दर दहा मिनिटांचे जसेच्या तसे पाठवी. तलावाच्या सगळ्यात जवळच्या गटात मावशींचं घर होतं आणि गावची शाळाही. ज्या दिवशी शाळेचा नोड मेट होता, त्या दिवशीचा आलेख माझ्या हाती आला. प्रार्थनेच्या वेळेला धूळ चढलेली, मधल्या सुट्टीत शिखर. मुलं डबा खात असताना राख किती, हे दहा-दहा मिनिटांनी दिसत होतं. सरासरीत ते शिखर सपाट होऊन जाई. मी काकांना म्हटलं, "शाळेलाच रोज मेट करा."

"नाही जमत."

"का नाही? मध्यावर आहे, सगळ्यांचं ऐकू येतं. तुमच्या दोन अटी बसतात."

"तिसरी?"

"काका, सरासरी वाचून कोणी पेटत नाही. लेकरांचा घास दाखवावा लागतो."

"पेटवाले मले नाही येत. मले चालू ठेवता येते."

मी हा विषय समितीच्या बैठकीत मांडला. मला बोलता येत होतं, काकांना येत नव्हतं. ते कोपऱ्यात बसून एकच वाक्य म्हणाले, "मरन तो नोड," आणि कुणीतरी म्हणालं, "मंग तुमी बॅटरी बदलत जा ना गा!" सगळे हसले. हात वर झाले. काकांनी हातांकडे बघितलं, चष्मा वर सरकवला. "बहुमत हाय तर बहुमत," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रोग्रॅममधली ती ओळ बदलली. शाळा कायमची मेट झाली.

एरवी महिना जाणारी बॅटरी आता चार दिवसांत बसायची. म्हणून दर चौथ्या दिवशी काका ड्युटी संपवून मोटारसायकलवर पिपरटोलीला जात. शाळेला जिना नव्हता, शिडी लावून छतावर चढावं लागे. त्यांना दमा होता. मला माहीत होतं. शिडीच्या मध्यावर ते थांबत, रुमालानं तोंड बांधत, दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहत आणि पुन्हा चढत. मी खाली शिडी धरून फोनवर सुनावणीची तयारी करत असे.

दोनदा त्यांनी मला म्हटलं, "पोरी, गावातल्या दोघांले बॅटरी बदलणं शिकवून देतो. दहा मिनिटाचं काम हाय. अन कम्प्युटरवर कोणीतरी दुसरंही पाह्यत जा. मी एकटाच पाह्यतो." मी दोन्ही वेळा म्हटलं, "पुढच्या आठवड्यात बसू या." खरं तर मला तो आठवडा कशासाठी हवा होता ते मी आज सांगू शकते. तुम्ही आहात ना, असं माझ्या मनात होतं. चांगला माणूस मिळाला होता. तक्रारीच्या अर्जावर तांत्रिक साक्षीदार म्हणून सही त्यांची, गावाच्या बैठकीत आकडे समजावणार ते, छतावर चढणारही तेच. तिसरी अट मी त्यांना कधी लावलीच नाही.

एका सोमवारी संध्याकाळी लॅबमध्येच त्यांचा श्वास अडकला. शिपायानं रिक्षातून दवाखान्यात नेलं. बॅटरी बदलायचा चौथा दिवस मंगळवारी होता. मी त्या आठवड्यात शहरात प्रेसवर बसले होते. पत्रक छापून येत होतं, वर ठळक मथळा होता, 'आकडे खोटं बोलत नाहीत'. काका आजारी असल्याचं कळलं तेव्हा मी त्यांना दवाखान्यात भेटून आले. त्यांच्या तोंडावर मास्क होता. त्यांनी बोटानं हवेत काहीतरी चौकोनी काढलं आणि चार बोटं दाखवली. मी म्हटलं, "हो काका, चार दिवसांत घरी सोडतील." त्यांनी डोळे मिटले.

त्याच मंगळवारी वारा सुटला. मंगळवार, बुधवार, गुरुवार. सुशीलामावशी नंतर सांगत होत्या की मळलेली कणीक झाकेपर्यंत करडी झाली, शेळ्या डोळे उघडेनात, शाळा बुधवारी सोडून दिली. त्या उन्हाळ्यातली सगळ्यात जास्त राख त्या तीन दिवसांत आली. शाळेचा नोड मंगळवारी दुपारी मेला. मेट प्रोग्रॅममध्ये कायमचा बांधलेला होता, म्हणून उरलेल्या सातांनी नवा निवडला नाही. त्यांनी राख मोजली. दर दहा मिनिटांनी मोजली, हळू आवाजात शाळेला सांगितली आणि उत्तर आलं नाही. त्यांची आठवण काही तासांचीच, त्यामुळे नवा आकडा जुन्यावर लिहिला जात राहिला. मी शुक्रवारी सकाळी लॅबमध्ये कम्प्युटर उघडला, तेव्हा पडद्यावर त्या गटासमोर तीन दिवसांची कोरी जागा होती. त्याच दिवशी मी शिडी चढून शाळेची बॅटरी बदलली.

सुनावणीत प्रकल्पाच्या वकिलानं आमचा आलेख वर धरला. तो ओरडला नाही, उपहासही केला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "तलावाच्या सगळ्यात जवळच्या आठ ठिकाणांची या तीन दिवसांची नोंद कुठे आहे?" मी उभी राहिले. हातातलं पत्रक मथळा खाली करून टेबलावर ठेवलं. सुशीलामावशी मागून ओरडल्या, "मी होती ना तिथं! मले विचारा!" अधिकाऱ्यांनी त्यांना खाली बसवलं आणि 'नोंद सलग नाही' असं लिहून घेतलं. प्रकल्पाला पुढच्या सुनावणीपर्यंत मुदत मिळाली. पुढची सुनावणी अजून झालेली नाही.

मी काकांकडे गेले. ते सक्करदऱ्याच्या घरी खाटेवर टेकून बसले होते, शेजारी ऑक्सिजनची टाकी. काकूंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. मी सगळं सांगितलं. मला शिव्या हव्या होत्या. त्यांनी टाकीच्या काट्याकडे बोट केलं.

"पाह्य बरं, किती उरलं?"

"पाव," मी म्हटलं.

"काकूले सांग दुसरी मागवाले. आणि पोरी..." ते दम घ्यायला थांबले. "त्या सात जणाईचा काही दोष नाही. डबे फेकू नको. ते ओळ पयल्यासारखी कर."

"काका, मला माफ करा."

"ते नंतर. आधी ओळ."

ओळ कुठली, कशी बदलायची, हे त्यांनी मला वहीत लिहून दिलं. मी लॅबमध्ये जाऊन ती बदलली आणि दुसऱ्या सकाळी सहाला आठ नोडांनी आपापली शिल्लक एकमेकांना कळवून मावशींच्या घराला मेट केलं. सांगायला मी फोन केला तेव्हा काकूंनी उचलला. काका पहाटेच गेले होते.

कॉलेजनं एक छोटा शोकसंदेश फलकावर लावला. त्यात 'निष्ठावान कर्मचारी' असं होतं. अंत्यसंस्काराला पिपरटोलीहून माणसं टेम्पोत आली होती. बैठकीत हात वर केलेले सगळे त्यांत होते. मीटर काकूंनी मला दिलं. "त्याईनं सांगून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या.

बाबांच्या कुठल्याही पत्रकात मी कधी आपली चूक वाचली नव्हती. चूक नेहमी समोरच्याची असे आणि बहुतेक वेळा ते खरंही होतं. राख प्रकल्पाचीच आहे, यात मला आजही शंका नाही. पण यावेळी मी पत्रकावर नुसता आलेख छापला, तीन दिवसांच्या कोऱ्या जागेसकट, आणि खाली लिहिलं की ही जागा आमच्यामुळे कोरी राहिली. एकच नोड आणि एकच माणूस आम्ही रोज पुढे केला. समितीतल्या दोघांनी म्हटलं, हे शत्रूच्या हाती कोलीत आहे. असेल. मी गठ्ठे बांधले आणि गावात घेऊन गेले.

सुशीलामावशींना वाचता येत नाही. बॅटरी बदलायला मात्र त्या शिकल्या आहेत, आणखी चौघींसह, पाळीपाळीनं. त्यांनी पत्रक उलटसुलट करून पाहिलं आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"इथं काहून काई नाई लिवलं वं?"

"ते तीन दिवस काका दवाखान्यात होते, मावशी."

त्यांनी त्या जागेवरून तळहात फिरवला. मग म्हणाल्या, "मंग हा त्याईचाच फोटू समज." भिंतीवर राख बसली होती. ती त्यांनी पदरानं पुसली आणि पत्रक तिथं चिकटवलं.