चौथं रीळ दोनदा

"या वर्षी तुमची गरज नाही, ऑपरेटर," सेक्रेटरी सर म्हणाले. बसा असंही म्हणाले नाहीत.

चर्चच्या ऑफिसात टेबलावर एक नवा पांढरा डबा होता. शाळेच्या दप्तराएवढा. सरांनी त्यावर हात ठेवला. "व्हिडिओ प्रोजेक्टर. डीव्हीडी टाकली की सव्वादोन तास सलग सिनेमा. तुमच्यासारखं मध्येच थांबून रीळ बदलणं नाही. लोकांचं ध्यान मोडतं त्याने."

"कुठून आणला?"

"मुंबईहून. माझ्या मेहुण्याचा आहे."

"आणि सिनेमा कोणता?"

सरांनी नाव सांगितलं आणि माझं डोकं फिरलं. तो सिनेमा महिन्यापूर्वी मीच सुचवला होता. मीच त्याची गोष्ट या टेबलासमोर उभं राहून सांगितली होती. मुंबईच्या ऑफिसात त्याची प्रिंटही मी बुक केली होती. सरांनी गोष्ट ऐकली, मान डोलावली आणि डीव्हीडी मागवली. मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. चर्चच्या आवारात तर अजिबात बोलण्यासारखं नव्हतं.

ही गोष्ट दोन हजार दोन-तीन सालची. मी निर्मळचा. दहावी नापास. टुरिंग टॉकीजवर तंबूचे खुंट ठोकण्यापासून सुरुवात केली. पहिला प्रोजेक्टर कामणच्या एका गोदामात भंगारात पडलेला मिळाला. मालक किलोच्या भावाने विकायला तयार नव्हता. तीन दिवस त्याच्या दारात बसलो तेव्हा तयार झाला. दुरुस्ती स्वतः शिकलो. मग वसईभर देवाधर्माचे सिनेमे दाखवत फिरलो. जत्रांच्या दिवसांत मंदिरापुढे आणि उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, चर्चच्या पटांगणात. त्या काळात शुक्रवारी संध्याकाळी 'क्रुसाची वाट' ही प्रार्थना व्हायची. ती संपली की माझा सिनेमा. माणसाने स्वतःकडे बघावं, काही वाईट सोडावं, हा हेतू. या चर्चच्या गावात अकरा वर्षं मी ते केलं. हे गाव गेलं असतं तर बाकीची चर्चही सरांचा डबा बघून गेली असती. मग माझा प्रोजेक्टर पुन्हा कामणच्या गोदामात.

धंद्यातली एक गोष्ट समजून घ्या. सोळा एमएमचा सिनेमा एका रिळात मावत नाही. हा सिनेमा चार रिळांचा होता. एक रीळ साधारण पस्तीस मिनिटं चालतं. मोठ्या थिएटरात दोन मशिनं असतात, एकाचं रीळ संपलं की दुसरं सुरू. माझ्याकडे एकच. म्हणून दर रिळानंतर दिवे लावायचे, पाच मिनिटांत रीळ बदलायचं. त्या वेळात मी कर्ण्यावर गाणी लावायचो. सरांना नेमकी हीच पाच मिनिटं खुपत होती.

पहिल्या शुक्रवारी मी पटांगणात मागे, फणसाखाली जाऊन उभा राहिलो. दुसऱ्याचं मशीन बिघडताना बघायला कोणाला आवडत नाही? पण मशीन बिघडलं नाही. चित्र स्वच्छ, आवाज चोख. हे लिहिताना आजही दात खातो.

सिनेमा एका ट्रक ड्रायव्हरचा होता. दारू, जुगार, मित्रांची मैफल. तो बायकोचे दागिने विकतो, मुलीला घराबाहेर काढतो. शेवटी एकदा तो दिवेलागणीला स्वतःच्या घराच्या पायरीपर्यंत येतो. आत मुलगी परत आलेली असते आणि प्रार्थनेत त्याचं नाव घेऊन त्याच्यासाठी मागत असते. तो दार वाजवत नाही. पायरीवर बसतो आणि खिशातली बाटली मातीत ओततो. सगळा सिनेमा या दहा मिनिटांसाठी होता.

ऑपरेटर पडद्याकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघतो. मी बघत होतो. तासाभराने पहिली मान पडली. दीड तासाने पुरुषांच्या बाजूच्या निम्म्या माना पडल्या होत्या. सिनेमा संपला तेव्हा पटांगणात घोरणं ऐकू येत होतं.

यात नवल काही नाही. ही बागायती माणसं. रात्री दोनला उठून केळी, फुलं, भाजी टेम्पोत भरून दादरच्या बाजारात नेणारी. संध्याकाळी साडेसातला त्यांना सलग सव्वादोन तास अंधारात बसवलं तर दुसरं काय होणार? सर स्टेशनजवळच्या फ्लॅटमध्ये राहायचे, मुंबईच्या ऑफिसातून रिटायर झालेले. सरांना ध्यान माहीत होतं, झोप माहीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याच गावची रेजिनाबाय निर्मळला भाजी घेऊन आली आणि मला बघून थांबली. तिचा नवरा पास्कोल. कामाला वाघ, पण दुपारनंतर दारूत.

"गजाभाऊ, काय सिनेमा दाखवला रे काल!"

"मी नाही दाखवला, बाय. तुमच्या सरांनी."

"कोणीही दाखवो. आमचा माणूस पहिला तासभर जागा. दारू पिऊन मजा केलेली तेवढी बघितली, मग झोपला. आता सकाळपासून त्या ड्रायव्हरचं गाणं म्हणतोय. बाटलीवरचं!" ती टोपली डोक्यावर घेता घेता थांबली. "त्याला शेवट दाखव. काहीतरी कर."

पाप सगळ्यांनी पाहिलं होतं, पश्चात्ताप कोणीच पाहिला नव्हता.

रविवारी मिस्साच्या, म्हणजे सकाळच्या उपासनेच्या, आधी मी चर्चच्या नव्या फादरांना गाठलं. फादर तरुण होते, ऐकून घेणारे. मी तक्रार केली नाही. तक्रारीला कोणी भाव देत नाही. मी म्हटलं, "फादर, आज चर्चमधून बाहेर पडणाऱ्या पाच पुरुषांना विचारा, परवाच्या सिनेमाचा शेवट काय होता. पाचातल्या तिघांनी बरोबर सांगितलं तर मी पुन्हा या दारात येणार नाही."

मिस्सा संपल्यावर फादर पायऱ्यांवर उभे राहिले. मी खांबाआड.

पहिला म्हणाला, "ट्रक दरीत पडला, फादर."

दुसरा म्हणाला, "शेवटी मुलीचं लग्न होतं."

तिसरा जरा विचार करून म्हणाला, "ड्रायव्हर मेला. वाईट वाटलं बिचाऱ्याचं."

चौथा पास्कोल. तो म्हणाला, "शेवट काय लक्षात नाय, पण गाणं फार छान होतं."

फादरांनी पाचव्याला विचारलंच नाही. सर बाजूलाच उभे होते. त्यांचा चेहरा बघून मला जेवल्यासारखं वाटलं.

सोमवारी बोलावणं आलं. या वेळी खुर्ची पुढे केली गेली.

"येत्या शुक्रवारी तोच सिनेमा तुम्ही दाखवा, गजानन," फादर म्हणाले.

"एकच शुक्रवार नाही. उरलेले सगळे. आणि तसं लेखी पत्र हवं. पत्रावर ऑपरेटर नाही, माझं पूर्ण नाव."

"तोच सिनेमा लोक परत कशाला बघतील?" सर म्हणाले.

"परत कुठे, सर? अर्धा तर पहिल्यांदाच बघणार आहेत."

फादरांना हसू आलं, पण तेही काही कच्चे नव्हते. "माझीही एक अट. मधल्या पाच मिनिटांत तुम्ही कर्ण्यावर गाणी लावता ती बंद."

"फादर, गाण्यांवरून तर लोकांना कळतं की माझा शो आहे!"

"गाणी बंद. मी एक प्रश्न विचारीन आणि गप्प बसेन."

मी अर्धा तास भांडलो. गाणी सोडली, पण बदल्यात दर गॅपला सगळ्यांना कोरा चहा मिळवला. तोही कडक. सर म्हणाले, "उपवासकाळात चहा?" मी म्हटलं, "झोपेपेक्षा बरा."

शुक्रवारी पटांगण भरलं. पहिलं रीळ संपलं, मी दिवे लावले. माना सरळ झाल्या, चहा फिरला. फादरांनी माइकवर विचारलं, "या माणसाला अजून थांबता आलं असतं का?" आणि गप्प बसले. पहिल्यांदा लोक खोकले, कुजबुजले. दुसऱ्या गॅपला शांत झाले. मी इतकी वर्षं त्या पाच मिनिटांत गाणी वाजवत आलो होतो. ती पाच मिनिटं किती मोठी असतात हे मला तेव्हा कळलं.

तिसरं रीळ संपलं तेव्हा पास्कोलची मान शेजाऱ्याच्या खांद्यावर होती. दिवा लागला तरी हलली नाही. रेजिनाबाय बायकांच्या बाजूने उठून आली. चहाचा ग्लास त्याच्या हातात देऊन म्हणाली, "आता झोपलास तर बाजारात मी जाणार नाही. एकटा ने टेम्पो." पास्कोल खडबडून बसला. मी चौथं रीळ लावलं.

दार. पायरी. आतून मुलीचा आवाज. बाटली. पटांगणात मशीनच्या घरघरीशिवाय आवाज नव्हता. एकही मान खाली नव्हती. मी मोजल्या.

सिनेमा संपला. दिवे लावले. कोणी उठेना. मग पास्कोल उठला आणि थेट माझ्याकडे आला.

"ए गजा. शेवटचं परत लाव."

"अरे, रीळ उलटं गुंडाळावं लागतं. हाताने. दहा मिनिटं जातील. तुला दोनला उठायचंय."

"माझं मी बघतो. तू लाव."

मागून चार-पाच जण म्हणाले, "लावा, लावा." इतक्या वर्षांच्या धंद्यात मला कोणी 'लवकर आटपा' यापलीकडे काही सांगितलं नव्हतं. मी रीळ काढलं आणि हँडल फिरवायला घेतलं. अंधारात कोणीतरी बॅटरी धरली. बघतो तर सेक्रेटरी सर. बॅटरी त्यांनी नीट धरली.

चौथं रीळ दुसऱ्यांदा पाहताना पास्कोल उभाच होता. बसलो तर झोपेन, म्हणाला.

पत्र दुसऱ्याच दिवशी मिळालं. पूर्ण नावाचं, वडिलांच्या नावासकट. उरलेले सगळे शुक्रवार मी केले, आणि पुढची चार वर्षंही. शेजारच्या दोन चर्चनीही मला पाच मिनिटांच्या गॅपसकट, चहासकट बोलावलं. पांढरा डबा मेहुण्याकडे परत गेला. वार्षिक अहवालात सरांनी त्या मेहुण्याचे आभार मानले आणि माझं नाव विसरले. ते मी अजून विसरलेलो नाही.

पास्कोलने उपवासकाळभर दारूला हात लावला नाही. ईस्टरनंतर मी रेजिनाबायला विचारलं.

"ईस्टरला प्याला," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी पण नाही. बघू."

पावसाळ्यापर्यंत ती 'बघू'च म्हणत होती. दिवाळीला तिने मला घरी बोलावून जेवायला घातलं. पास्कोलने स्वतः वाढलं.

लोक मला विचारतात, सिनेमा बघून माणूस खरंच बदलतो का? बदलतो. पण त्यासाठी आधी तो जागा असावा लागतो. एवढं शिकायला मला अकरा वर्षं लागली. सरांना ते मी एका आठवड्यात शिकवलं, आणि त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत.