पाय आधी, नाव मागनं

मामा माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी पायाकडे बघायचे. लग्न करून मी लोहारा गावातल्या या घरात पहिलं पाऊल टाकलं, तेव्हा सासूबाई माझी साडी बघत होत्या, शेजारणी माझा रंग बघत होत्या, आणि हे सासरेबुवा खाली वाकून माझी टाच बघत होते. "चप्पल चावलीया तुला. बस आदी," म्हणाले आणि सगळ्यांदेखत नव्या सुनेच्या टाचेला पट्टी लावून मोकळे झाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शमुवेल ड्रेसर म्हणून त्यांना सगळा तालुका ओळखायचा. सरकारी दवाखान्यात उभी नोकरी जखमा धुण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर दवाखाना सुटला तरी जखमा सुटल्या नाहीत. कापूस, पट्ट्या आणि औषधांचा एक स्टीलचा डबा पिशवीत घालायचे आणि मिळेल त्या एसटीनं गावोगाव जायचे. शुगरनं चिघळलेले पाय ही त्यांची खास आवड, असं मी चिडवायची. रोगी नाव-गाव सांगायला लागला की ते अडवायचे. "पाय दावा आदी, नाव मागनं सांगा." मी कारण विचारलं तर म्हणाले, "नाव ऐकलं की आपला हात आखडतोय, न्हायतर उगंच सैल सुटतोय. पायाला काय ठावं कुणाचा हाय त्यो."

माणूस पक्का ख्रिस्ती. रविवारी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून सगळ्यांच्या आधी चर्चमध्ये हजर. पण पट्टी बांधताना त्यांनी कुणाला येशूचं नाव सांगितलेलं मी ऐकलं नाही. एका तरुण पाळकांनी एकदा सुचवून बघितलं, की मामा, इतकी माणसं भेटतात, दोन वचनं सांगत जा. मामा म्हणाले, "पाय माझ्या हातात असताना त्येला पळता येत न्हाय. तवा सांगू न्हाय." पाळक पुन्हा त्या विषयावर आले नाहीत.

मी माकणीची, लिंगायताची. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तिथं भुसार दुकान. मी या घरात लग्न केलं आणि अप्पांनी सांगून टाकलं की आम्हाला मुलगी नाही. सहा वर्षं त्यांनी माझं तोंड पाहिलं नाही की आवाज ऐकला नाही. इकडे मामांनी मला गळ्यातलं लिंग काढ असं कधी म्हटलं नाही. एका पाहुणीनं विषय काढला तेव्हा एवढंच बोलले, "प्रभूला घाई न्हाय. तुमाला कशाला?"

रोज संध्याकाळी सातला टीव्ही बंद, सतरंजी खाली, आणि घरची प्रार्थना. मामा एकेकाचं नाव घेऊन देवाला अगदी बारीकसारीक सांगायचे. सासूबाईंचा गुडघा, नातीचं गणित, मुलाची बदली. यादी लांबली की सासूबाई खोकायच्या, कारण आत आमटी निवत असायची. यादीच्या शेवटी न चुकता यायचं, "आन् माकणीचे अप्पा." मी मुळात तापट. एकदा उठून म्हणालेच, की ज्या माणसाला आम्ही नकोत त्याचं नाव रोज कशाला? मामा रागावले नाहीत. "रोज नाव घेतलं की दाराला कडी पडत न्हाय, पोरी," म्हणाले आणि आमेन करून जेवायला बसले.

मग एक दिवस माझ्या भावाचा चोरून फोन आला. अप्पांच्या पायात खिळा गेला होता, शुगरमुळे जखम पसरली होती. सोलापूरच्या डॉक्टरांनी औषधं दिली होती, पण वेळच्या वेळी नीट पट्टी झाली नाही तर पाऊल काढावं लागेल असं बजावलं होतं. अप्पा कुणाला हात लावू देत नव्हते. मी स्वयंपाकघरात बसून रडले. जावं तर दारातून परतवतील, आणि न जावं तर जीव राहत नव्हता. मामा दारात आले. "कुठला पाय?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, डावा. ते निघून गेले. मला वाटलं, बघा, विचारलं काय तर हे!

पुढचे चार महिने मामा एक दिवस आड कुठल्या तरी गाडीनं जायचे, पण ते तर नेहमीचंच होतं. भाऊ फोनवर सांगायचा की एक म्हातारे ड्रेसर येतात, अप्पा त्यांचं ऐकतात. गाढव मी, मला एकदाही सुचलं नाही.

एका संध्याकाळी मामा परत आले ते प्रार्थनेआधी माझ्याजवळ बसले. "तुझ्या अप्पाचा पाय बरा झाला," म्हणाले. मग सगळं सांगितलं. दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी चार महिने तो पाय धुतला होता. अप्पांनी आपल्या व्याह्याचं नाव ऐकलं होतं, तोंड कधी पाहिलं नव्हतं. अप्पांनी दोनदा नाव विचारलं तेव्हा "मागनं सांगतो" म्हणून टाळलं होतं, आणि माझ्या भावालाही गप्प बसवलं होतं. आज जखम पुरी भरली तेव्हा त्यांनी आपलं नाव सांगितलं, आणि लोहाऱ्याचा, हेही सांगितलं. मी विचारलं, मग अप्पा काय म्हणाले? "काय न्हाय. उठून आत गेले." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मामांचा चेहरा मात्र खुलला होता. "अगं, चालत गेले. टाच टेकवून!"

त्यानंतर वर्षभर माकणीहून काहीच आलं नाही. मामांनी यादीतलं नावही गाळलं नाही. नाताळच्या करंज्या स्वतः तळून झाल्या, सगळ्यांना वाटून झाल्या, आणि आठ दिवसांनी सकाळी चहा घेतानाच ते गेले.

कबरस्तानात एकेकजण मूठभर माती टाकत होता. तेवढ्यात फाटकातून अप्पा आले, चालत, टाच टेकवून. त्यांच्या मुठीत बेलाची पानं होती. आम्हा लिंगायतांतही माणसाला पुरतात आणि वर बेल वाहतात. त्यांना दुसरी रीत माहीत नव्हती. त्यांनी वाकून बेल खाली सोडला. चर्चच्या मंडळीतले एक वडीलधारे अडवायला पुढे सरसावले, तर सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या. ह्यांच्या यादीतलं माणूस हाय."

संध्याकाळी सातला सतरंजी पडली. अप्पा गेले नव्हते. भिंतीला टेकून, डावा पाय लांब करून बसले होते. माझ्या नवऱ्यानं प्रार्थना सुरू केली. गुडघा, गणित, सगळं आलं. शेवटी सवयीनं "माकणीचे अप्पा" आलं. गेलेल्या माणसाचं नाव आमच्या घरी प्रार्थनेत घेत नाहीत, म्हणून त्यानं तिथंच आमेन केलं.

अप्पांना ते काय ठाऊक! त्यांनी डोळे उघडले नाहीत. हात जोडलेले तसेच ठेवून म्हणाले, "आन् लोहाऱ्याचे शमुवेल."

आम्ही सगळ्यांनी पुन्हा एकदा आमेन म्हटलं.